तीन पावसाळे खाल्लेलं लाकूड

डॉक्टर बाथरूममध्ये होते. दार आतून बंद होतं, कडी लावलेली होती, आणि बाहेर उभ्या असलेल्या मला डॉक्टर दिसत होते.

"तारमळे, मी कुठला शर्ट घातलाय?" त्यांनी आतून विचारलं.

"निळा, चौकडीचा."

"बटणं?"

"वरचं एक उघडं आहे."

"मग आता तुम्हीच सांगा, मी तुमच्याकडून दरवाजा घेतला की खिडकी?"

बंगला मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या अलीकडे दोन किलोमीटरवर आहे. तिथल्या पौषातल्या जत्रेसाठी डॉक्टरांकडे डोंबिवलीहून पाहुणे आले होते. तीन दिवस राहणार होते, दुसऱ्या दिवशीच परत गेले. जाताना कुणी काही बोललं नाही, पण बाथरूमच्या दाराला आतून दोन टॉवेल टांगलेले डॉक्टरांना सापडले.

मी शहापूरजवळ दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये परचेस आणि स्टोअर सांभाळतो. म्हणजे माल विकत आणायचा, मोजून आत घ्यायचा आणि रजिस्टरला नोंद करून सही करायची. सव्वीस वर्षं हेच करतोय. डॉक्टरांना जुन्या गोठ्याला असायचे तसले फळ्यांचे दरवाजे हवे होते. उभ्या सात फळ्या एकीला एक खेटून लावायच्या, मागून तीन आडव्या पट्ट्या मारायच्या. लाकूड ऐनाच्या झाडाचं. असे आठ दरवाजे दिवाळीत बनले आणि दिवाळी संपता संपता बसले. बसवले तेव्हा फटीत पोस्टकार्डसुद्धा जात नव्हतं. पौषात त्याच फटीतून शर्टाची बटणं मोजता येत होती.

मी टेप काढून आठही दरवाजे मोजले. सात फळ्या म्हणजे मधे सहा फटी. एकेक फट साधारण चार मिलिमीटर. सहा चोक चोवीस. एका दारामागे चोवीस मिलिमीटर लाकूड नाहीसं झालं होतं. आठ दारांचं मिळून जवळपास एकशे नव्वद, म्हणजे दोन फळ्यांची रुंदी होईल एवढं. डॉक्टरांनी आठ दारांचं लाकूड घेतलं होतं, त्यातल्या दोन फळ्या हवेत गेल्या.

"हे कुणामुळे झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

आमच्या शेठना मात्र बघायची गरज पडली नाही. मी आकडे सांगत होतो, ते अर्ध्यातच म्हणाले, "काळूरामचा हात गेला. वय झालं त्याचं."

काळूराम मिस्त्री मुरबाडच्या बाजूच्या पाड्यातला. आमच्याकडे माझ्याही आधीपासून आहे. वय अठ्ठावन्न. शेठच्या डोक्यात गेल्या वर्षापासून भिवंडीची एक ठेकेदार टोळी होती. ती मशीनवर काम करते, दर माणशी नाही, दर दारावर पैसे घेते. डॉक्टरांच्या दारांनी त्यांना पाहिजे ते कारण मिळवून दिलं.

"पुढच्या सोमवारपासून ठेकेदार येतोय. काळूरामला तुम्ही सांगा, तारमळे. तुमचं त्याचं बरं आहे."

मला सांगावं लागलं नाही. काळूराम दारातच उभा होता.

"शेठ, हात नाय गेला. लाकूड ओलं व्हतं," तो म्हणाला. "रंधा मारत व्हतो तवा छिलका पात्याला चिकटत व्हता. सुक्या लाकडाचा छिलका उडतो, चिकटत नाय."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो ना. भाऊंना बोललो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवत होतं. काळूरामला नीट आठवत होतं.

"भाऊ बोलले, रजिस्टरला सुका लिवलाय."

हे खरं होतं. माल दसऱ्यानंतर मुरबाड रोडच्या वखारीतून आला. रजिस्टरला 'मालाची स्थिती' असा एक रकाना आहे. त्यात मी 'सुका' लिहिलं आणि खाली सही केली. का लिहिलं, तर वखारवाला म्हणाला होता, तीन पावसाळे खाल्लेला माल आहे. आमच्या भागात लाकडाचं वय असंच मोजतात. एक पावसाळा खाल्लेलं लाकूड कच्चं, दोन खाल्लेलं चालेल, तीन खाल्लेलं सुकं. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही वखारीत विचारा, हाच हिशेब मिळेल. मी किराणा दुकानातसुद्धा काटा शून्यावर आहे का बघतो. पण पावसाळ्यांना मी कधी काटा लावला नव्हता.

"शेठ, लाकडातला ओलावा मोजायचं मीटर मिळतं," मी म्हणालो. "त्याच मालातल्या तीन फळ्या स्टोअरला शिल्लक आहेत. मोजून घेऊ. लाकूड सुकं निघालं तर चूक काळूरामची. ओलं निघालं तर..."

"तर कुणाची?"

"ते मोजल्यावर कळेल."

शेठनी थोडा विचार केला. "हजाराच्या आत बसवा. आणि सोमवारपर्यंत. सोमवारी ठेकेदार येणार म्हणजे येणार."

असा माझ्या नोकरीतला पहिला तांत्रिक अभ्यास हजार रुपयांच्या आणि सात दिवसांच्या आत सुरू झाला.

आधी थोडं समजावून सांगतो. लाकडातला ओलावा टक्क्यांत मोजतात. शंभर ग्रॅम पूर्ण कोरड्या लाकडाबरोबर वीस ग्रॅम पाणी असेल तर ओलावा वीस टक्के. भागायचं ते कोरड्या वजनाने. म्हणून ताज्या तोडलेल्या झाडाचा ओलावा शंभराच्या वर जाऊ शकतो. हे मी शेठना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शंभरात शंभराच्या वर? तारमळे, तुम्ही हिशेबाचे माणूस." मी तो विषय तिथेच सोडला. आमच्या हवेत दाराचं लाकूड बारा टक्क्यांच्या आसपास असावं. जास्त ओलं लावलं तर ते दार झाल्यावर सुकतं. सुकताना आकसतं, तेही लांबीत नाही, रुंदीत. पुढचं डॉक्टरांना विचारा.

ऑनलाइन मागवलेलं हजाराच्या आतलं मीटर बुधवारी आलं. टीव्हीच्या रिमोटएवढं, वर टाचणीसारख्या दोन पिना. पिना लाकडात टोचायच्या. दोन पिनांमधून किंचित वीज जाते. लाकूड ओलं असेल तर सहज जाते, सुकं असेल तर अडते. त्यावरून मीटर आकडा सांगतं. खोक्यावर लिहिलं होतं: लाकूड, भिंत, पुठ्ठा, प्लास्टर, सगळ्यासाठी.

सगळ्यासाठी म्हटल्यावर सगळ्यांनी सगळ्याला लावून पाहिलं. शेठनी आधी स्वतःच्या तळहाताला लावलं. मग टेबलाला, मग देवाच्या फोटोमागच्या भिंतीला, मग डब्यातल्या चपातीला. चपाती साडेअठरा निघाली. दार करायला अजून ओली. मग पुन्हा तळहाताला. तळहाताचा आकडा आधीपेक्षा वाढला, त्यावर शेठ म्हणाले, "बघा, किती बारीक मोजतंय." त्यांना मीटर फार आवडलं.

मी ते शिल्लक फळीला लावलं. तेरा.

"झालं!" शेठ म्हणाले. "तेरा म्हणजे सुकं. तुम्ही बरोबर लिहिलं होतंत, तारमळे. सुटलात."

मी सुटलो होतो. एका बटणावर, हजार रुपयांच्या आत. काळूराम फळीकडे बघत उभा होता.

माझी एक सवय आहे, घरच्यांना तिचा त्रास होतो. मी कुठलाही आकडा एकदाच घेत नाही. त्याच फळीवर वीत-वीत अंतराने मी दहा वेळा मीटर लावलं. नऊ, तेरा, अकरा, सतरा, तेरा, दहा, अठरा, बारा, नऊ, सोळा. मग पहिल्याच जागी परत लावलं. आधी नऊ होतं, आता चौदा.

"फळी तीच आहे का?" शेठनी विचारलं.

"फळी तीच आहे. मीटरसुद्धा तेच आहे."

खोक्यातला कागद वाचला. एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला चिनीतून आलेलं इंग्रजी. त्यातून एवढं कळलं की मीटरचे आकडे कुठल्या तरी परदेशी मऊ लाकडावर बसवलेत आणि दुसऱ्या लाकडासाठी ते बदलायची सोय नाही. पिना पाच मिलिमीटरच्या. ऐन एवढं कडक की त्यातली निम्मी पिन आत जायची. म्हणजे हे मीटर फळीची वरची साल मोजत होतं. साल तीन महिने शेडच्या हवेत सुकलेली होती. डॉक्टरांचं दार मात्र सालीचं केलेलं नव्हतं.

मी हे शेठना सांगितलं.

"तुम्हाला वाचवणारं मीटर तुम्हाला चालत नाही," शेठ म्हणाले. "कमाल आहे."

शुक्रवारी कल्याणच्या एका डीलरचा सेल्समन दोन मीटर घेऊन आला. टाय लावलेला, सगळ्यांना सर म्हणणारा. काळूरामलासुद्धा सर म्हणाला.

"मना सर नको बोलू," काळूराम म्हणाला. "काय हाये ते दाखव."

पहिल्या मीटरला पिनाच नव्हत्या. मागे एक सपाट चकती. फळीवर टेकवलं की दोन सेंटिमीटर खोलपर्यंतचा ओलावा सांगतं, लाकडाला भोक पडत नाही, मोबाईलवर आलेखही काढतं. किंमत शेठच्या मर्यादेच्या बारा पट. सेल्समनने ते लोखंडी रॅकवर ठेवलेल्या फळीला टेकवलं. सत्तावीस.

"बघा सर, अॅक्युरेट," तो म्हणाला.

मी फळी उचलून लाकडी टेबलावर ठेवली. "आता लावा."

अठरा.

"फळी उचलताना वाळली वाटतं," काळूराम म्हणाला.

सेल्समनने कॅटलॉग चाळला. खाली लोखंड असलं की हे मीटर लोखंडही मोजतं, असं त्यात बारीक अक्षरांत होतं. आणखी एक गोष्ट त्यात होती: फळी रंधून गुळगुळीत असायला हवी, नाहीतर चकती नीट टेकत नाही. वखारीतून येणारी फळी करवतीची, खरबरीत असते. म्हणजे ओली आहे का ते बघायला आधी पूर्ण रंधायची. आणि ओली निघाली तर रंधलेली परत करायची.

दुसरं मीटर साधं होतं. पुन्हा दोन पिना, पण जाड आणि बदलता येणाऱ्या. लाकडाचे चार गट निवडायची सोय. बरोबर एक छोटा ठोकळा. पिना त्या ठोकळ्याला लावल्या की मीटरने ठरावीक आकडा दाखवायला हवा, नाही दाखवला तर मीटर बिघडलंय असं समजायचं. ठोकळा पाहून मला बरं वाटलं. स्वतःची परीक्षा बरोबर घेऊन फिरणारी वस्तू क्वचित मिळते. किंमत मर्यादेच्या तिप्पट.

अडचण तीच, पिना ऐनात खोल जाईनात.

"मंग खिळे मार ना," काळूराम म्हणाला.

"सर?"

"अरे, तुझ्या पिनांच्यामधी जेवढा अंतर तेवढ्या अंतरावर दोन खिळे ठोक, फळीच्या पोटापर्यंत. मंग तुझ्या पिना खिळ्यांच्या टाळूला लाव. वीज खिळ्यातून जाईल का नाय?"

सेल्समनने पुन्हा कॅटलॉग चाळला. बराच चाळला. मग म्हणाला, "सर, हे इथं दिलंय. पान अकरा."

काळूरामने खिळे ठोकले. बावीस.

आता तीन मीटर होती आणि एकाच फळीचे तीन आकडे: तेरा, अठरा आणि बावीस. पहिला मला वाचवणारा, तिसरा काळूरामला, आणि मधला सगळ्यांत महाग. शेठ केबिनमधून ओरडले, "मतदान घ्या!" मी चलनावर सही करून दोन्ही मीटर सोमवारपर्यंत डेमोला ठेवून घेतली.

शनिवारी मी आणि काळूराम मोटारसायकलवरून वखारीत गेलो. वखारीचे मालक बबनशेठ, मोकळ्या स्वभावाचा माणूस. आधी चहा, मग धंदा.

"काय मास्तर, मीटर घेऊन फिरता आता? माल आवडला नाय का?"

"माल तीन पावसाळे खाल्लेला होता ना?"

"होता म्हणजे? देवाशपथ होता. तीन कशाला, तो कोपऱ्यातला ओंडका बघा. पाच खाऊन बसलाय. दर श्रावणात अळंबी येतात त्याच्यावर."

मी कोपऱ्यात पाहिलं. सालीसकट अख्खा ओंडका, उघड्यावर, चिखलात निम्मा रुतलेला.

"हा इथंच असतो? बारा महिने?"

"मग काय घरात घेऊ? पावसाळा खायचा म्हणजे पावसातच असायला पायजे ना."

मी कप खाली ठेवला. "बबनशेठ, आमच्या फळ्या ज्या ओंडक्याच्या, तो कापला कधी?"

"तुमची ऑर्डर आली तेव्हा. दसरा झाल्यावर. आधी कापून ठेवला आणि तुमी नाय घेतला तर? सकाळी कापला, दुपारी टेम्पोत भरला. एकदम फ्रेश माल दिला तुम्हाला."

काळूरामने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

लाकूड सुकतं ते फळी कापल्यावर. सालीच्या आत असलेला ओंडका पाऊस खातो, पचवत नाही. तीन पावसाळे त्याने खरंच खाल्ले होते. तिन्ही त्याच्या पोटातच होते, आणि बबनशेठनी ते दसऱ्यानंतर कापून फ्रेश आमच्याकडे पाठवले. आम्ही ते डॉक्टरांच्या बाथरूमला लावले.

करवतीवरून तेव्हाच एक फळी उतरत होती. मी पिना लावल्या. मीटर त्याच्या शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबलं, त्याच्या पुढे त्याला मोजता येत नव्हतं. बोटं पुसायला मला रुमाल काढावा लागला.

"पण तुम्ही सुका माल सांगितला होता," मी म्हणालो.

"मी?" बबनशेठना खरंच वाईट वाटलं. "मास्तर, मी सुका म्हणालोच नाय. मी तीन पावसाळे म्हणालो. सुका तुमी लिवलं."

ते बरोबर बोलत होते. खोटं कुणीच बोललं नव्हतं. काळूराम म्हणाला चिकटतंय, ते चिकटत होतं. बबनशेठ म्हणाले तीन पावसाळे, ते तीन होते. न बघता एकच शब्द लिहिला गेला होता आणि तो माझा होता.

परत येताना काळूरामने विचारलं, "भाऊ, सोमवारी काय लिवाल?"

"आकडा."

"आकडा लिवलात तर मी राहीन. तुमचं काय?"

"माझं बघू."

"माझा पोरगा बोलतो, बाबा आता बसा घरी. मी बोलतो, बसेन, पण हात गेला म्हणून नाय बसणार. हात गेला असता तर मीच बोललो असतो शेठला."

एवढंच बोलला.

तरीही बावीस हा आकडा बरोबर आहे कशावरून? ठोकळ्यावर मीटर बरोबर दाखवत होतं, पण ठोकळा मीटरवाल्यानेच दिलेला. मला दोघांपेक्षा वेगळा साक्षीदार हवा होता. तो घरातच सापडला. मुलीने केकसाठी घेतलेला छोटा ओव्हन. केक दोनदा झाला, मग त्यात पापड ठेवत असू.

रीत सोपी आहे. फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापायचा. टोकाचा नाही, टोकं आधीच वाळलेली असतात. तुकड्याचं वजन करायचं. शंभर अंशांच्या किंचित वर ओव्हन ठेवून तुकडा तापवत राहायचं आणि दर दोन तासांनी वजन बघायचं. वजन कमी व्हायचं थांबलं की पाणी संपलं. खर्च शून्य, जगातलं कुठलंही मीटर यावरूनच बसवतात.

रविवारी सकाळी आठला मी तुकडा ओव्हनमध्ये ठेवला. बायको सुनंदा ओट्याशी होती.

"हे काय?"

"ऐन."

"किती वेळ ठेवायचा?"

"शिजेपर्यंत नाही. वजन थांबेपर्यंत."

"पापड कुठे ठेवू?"

"डब्यात."

तिच्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर सुरुवातीचं वजन दोनशे बारा ग्रॅम होतं. दहाला एकशे शहाण्णव. बाराला एकशे त्र्याऐंशी. घरभर वखारीचा वास. दोनला एकशे शहात्तर. शेजारच्या काकू विचारून गेल्या, तुमच्याकडे होम आहे का. सुनंदा म्हणाली, "आमच्या यांचा प्रायश्चित्ताचा." चारला एकशे त्र्याहत्तर, सहाला एकशे बाहत्तर, आठला पुन्हा एकशे बाहत्तर. थांबलं.

"मग?" सुनंदाने विचारलं. "काय निघालं?"

"पाणी चाळीस ग्रॅम. चाळीस भागिले एकशे बाहत्तर. तेवीस पूर्णांक तीन टक्के."

"म्हणजे ओलं."

"तीन महिने शेडमध्ये राहून तेवीस. दार बनवलं तेव्हा किती असेल, ते आता कळायचं नाही."

"आणि सही तुमची."

"हो."

तिने ओव्हन पुसायला घेतला. "मग उद्या डबा जरा जास्त देते. शेठसमोर उपाशी उभे राहू नका."

सोमवारी दहा वाजता मी एका पानाचा रिपोर्ट शेठच्या टेबलावर ठेवला. ओव्हन २३.३. तिप्पट किमतीचं मीटर, खिळे ठोकून, २२. बारा पट किमतीचं मीटर, लाकडी टेबलावर १८, लोखंडावर २७. हजाराच्या आतलं मीटर ९ ते १८, हवामानाप्रमाणे नाही, मर्जीप्रमाणे. शेवटी एक ओळ: माल घेताना ओला होता, तो सुका म्हणून स्वीकारला, सही तारमळे.

केबिनबाहेर ठेकेदार बसला होता. त्याच्या बाजूच्या खुर्चीवर काळूराम, पिशवीत स्वतःचा रंधा आणि पटाश्या घेऊन. राहायचं की न्यायचं, दोन्हीला तयार.

शेठनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"वखारवाल्याने फसवलं आपल्याला."

"नाही शेठ. त्याने खरं सांगितलं. आपण पावसाळे विचारले, त्याने पावसाळे दिले."

"आपण म्हणजे?"

"मी."

"तुम्हाला तेरावालं मीटर होतं ना? ते दाखवून गप्प बसता आलं असतं."

"आलं असतं. पण दार परत आलं असतं. ठेकेदाराने ह्याच मालाचं मशीनवर केलं असतं तरी फट चार मिलिमीटरच पडली असती. मशीनला रंध्यासारखं चिकटलेलं कळत नाही, एवढाच फरक."

शेठना हे पटलं की नाही मला माहीत नाही. त्यांना दर दाराचा हिशेब मात्र पटला. ओल्या मालाची दारं पुन्हा करायची तर ठेकेदार दुसऱ्यांदा पैसे घेणार होता, काळूराम पगारावर होता. त्यांनी ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवलं. मग केबिनच्या दारातून म्हणाले, "काळूराम, पिशवी ठेव आत. डॉक्टरांची दारं तुलाच करायचीत. आणि पुन्हा चिकटलं तर मला सांग, ह्यांना नको."

काळूराम उठला. मला वाटलं काही बरं बोलेल. माझ्याकडे बघून म्हणाला, "तवाच ऐकलं असतं तर?" आणि शेडमध्ये गेला. मला त्याचे आभार हवे होते असं नाही, पण एवढं चोख उत्तरही अपेक्षित नव्हतं.

डॉक्टरांच्या फळ्या उतरवल्या. त्या रंधून पातळ केलेल्या आणि दोन्ही बाजूंनी वारा लागलेल्या, म्हणून स्टोअरमधल्या फळ्यांसारख्या ओल्या न राहता डॉक्टरांच्याच घरात बारा टक्क्यांपर्यंत सुकल्या होत्या. काळूरामने त्या जवळ घेऊन पुन्हा खेटून बसवल्या आणि दर दाराला कमी पडलेली रुंदी सुकवून मोजलेल्या लाकडाच्या पट्टीने भरून काढली. डॉक्टर आत गेले, कडी लावली आणि विचारलं, "शर्ट?" मी म्हणालो, "माहीत नाही." त्यांचं समाधान झालं.

मर्यादेच्या तिप्पट किमतीचं मीटर शेवटी घेतलं. कुणाला घ्यायचं असेल तर माझ्या अनुभवावरून सांगतो. पिना जाड आणि बदलता येणाऱ्या हव्यात. लाकडाचे गट निवडता यायला हवेत. तपासायचा ठोकळा बरोबर हवा. कुठलंही घेतलंत तरी पहिल्या आठवड्यात एक तुकडा ओव्हनला लावून त्याची खात्री करा. आकडा एक-दोन टक्के इकडेतिकडे चालतो. मोबाईलवर आलेख हवाच असं नाही. आणि वखारीत विचारताना पावसाळे विचारू नका, कापलं कधी ते विचारा. बबनशेठनी हल्ली गेटवर पाटी लावली आहे: 'मीटर बाहेर ठेवावे'. आम्ही दुसरी वखार बघितली.

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवरही शेठनी नवी ओळ रंगवून घेतली: 'येथे फक्त कॉम्प्युटर-टेस्टेड लाकूड वापरले जाते.' कॉम्प्युटर म्हणजे खिळे दोन आणि काळूराम.

माझं काय झालं, हे राहिलं. महिनाअखेरीला मला लेखी मेमो मिळाला. सव्वीस वर्षांतला पहिला. 'माल न तपासता स्वीकारणे व त्यामुळे झालेले नुकसान' असा विषय. खाली मजकूर होता की सदर मालाचा ओलावा तेवीस टक्के असूनही श्री. तारमळे यांनी तो सुका म्हणून नोंदवला. मेमो मिळाल्याची सही माझी हवी होती.

मी सही केली नाही. मेमो परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी जोडली, की ओलावा तेवीस नसून तेवीस पूर्णांक तीन आहे आणि तोही घेतानाचा नाही, तीन महिन्यांनंतरचा. शेठनी दोन्ही दुरुस्त्या करून नवा मेमो छापून दिला. तो मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आकडे रिपोर्टशी ताडून पाहिले, मग सही केली.